शंभरावं दार

हिगाशी-कसाई ज्या एदोगावा वॉर्डात येतं, त्याची जवळजवळ ७० टक्के जमीन भरतीच्या वेळी समुद्रपातळीच्या खाली असते. मोठा पूर येणार असेल तर इथे थांबू नका, वॉर्डाबाहेर जा, असं वॉर्डाने २०१९ च्या पूरनकाशात रहिवाशांना सरळ सांगितलं. समजा, तुमच्या इमारतीत १०० घरं आहेत, वादळ येतंय आणि कुणीतरी विचारतं, "मागे कुणी राहिलंय का?"

गणितात हे एक बूलियन फलन आहे. शंभर 'हो-नाही' आत जातात आणि एकच 'हो-नाही' बाहेर येतं. एक दार ठोठावणं म्हणजे एक क्वेरी. नेहमीच्या पद्धतीने शेवटचं दार ठोठावेपर्यंत 'कुणी नाही' असं खात्रीने म्हणता येत नाही. १९९६ मध्ये लव ग्रोवर यांनी दाखवलं की क्वांटम संगणकाला साधारण वर्गमूळाइतक्या क्वेरी पुरतात. शंभर दारांना दहाच्या आसपास, दहा लाखांना हजाराच्या आसपास.

याहून फार कमी क्वेरींत भागेल का? नाही. बेनेट, बर्नस्टाइन, ब्रासार आणि वझिरानी यांनी १९९७ च्या निबंधात ते सिद्ध केलं. युक्तिवाद साधा आहे. क्वेरी फार कमी असतील तर एखाद्या दाराच्या वाट्याला इतकं थोडं लक्ष येतं, की त्यामागे माणूस असला काय आणि नसला काय, संगणकाचं उत्तर जवळजवळ तेच राहतं.

आणखी एक गोष्ट. ग्रोवरची पद्धत बहुतेक वेळा बरोबर उत्तर देते. ती पुन्हा पुन्हा चालवून चुकीची शक्यता हवी तितकी कमी करता येते. पण चूक कधीच नको असेल, तर क्वांटम संगणकालाही शंभरच्या शंभर क्वेरी लागतात. बील्स, बुर्मन, क्लीव्ह, मोस्का आणि डी वुल्फ यांनी हे १९९८ मध्ये दाखवलं. म्हणजे इथली सगळी बचत चुकण्याची मुभा घेऊन मिळते.

अशी मुभा घेणं अनैतिक आहे का? मला तसं वाटत नाही. पाणी चढत असताना शंभर दारं ठोठावायला वेळ नसतो. पण ग्रोवरच्या पद्धतीत चुकीचा धोका सगळ्या दारांवर सारखा वाटलेला असतो. आपल्या चौकशीत तसं नसतं. आपण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारतो, पन्नास अंगठे येतात आणि आपण म्हणतो, "सगळे निघाले." मुलाकडे राहायला आलेल्या, जपानी न येणाऱ्या, त्या ग्रुपमध्ये नसलेल्या आजींच्या दाराला मिळालेलं लक्ष असतं शून्य. दर वेळी तेच दार.

म्हणून वेळ कमी असेल तर निदान इतकं करा: जे दार एरवी कुणी ठोठावत नाही, तिथून सुरुवात करा. आणि जितकी दारं राहिली असतील, तितकी राहिली असं सांगा. 'कुणी नाही' म्हणू नका.