विद्यापीठातील धर्माभ्यास आणि वारकऱ्याची निष्ठा

आजच्या निरूपणाचा विषय नेहमीचा नाही. परंतु तो आता वारकऱ्याच्या ओसरीवर येऊन बसला आहे, म्हणून टाळून चालणार नाही. आपली मुले-मुली विद्यापीठात जातात. तेथे जगातील धर्मांचा तौलनिक अभ्यास असा एक विषय असतो. घरातले एखादे पोर म्हणते, मला हाच विषय घ्यायचा आहे. मग आजोबांच्या कपाळाला आठी पडते. ते म्हणतात, “अरे, गळ्यात माळ आहे ना? मग बायबल, कुराण, त्रिपिटक कशाला? एक दार धरावे, की दहा दारे हिंडावी?”

श्रोतेहो, आजोबांना हसू नका. त्यांच्या शंकेत प्रेम आहे आणि भयही आहे. भय असे की, विठ्ठल हा दहा देवांच्या यादीतला एक आकडा होईल. जो हृदयात होता तो वहीत जाऊन पडेल. हे भय खरे की खोटे, याचा आज विचार करू.

प्रथम हा अभ्यास आहे तरी काय? मॅक्समुल्लर हे नाव आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचे आहे. जन्माने जर्मन, ऑक्सफर्डला प्राध्यापक, ऋग्वेद सायणभाष्यासह छापणारे ते हेच. त्यांनी १८७० साली लंडनमध्ये धर्मांच्या शास्त्रावर व्याख्याने दिली. दुसऱ्याशी ताडून पाहिल्यावाचून आपल्या धर्माचेही स्वरूप नीट उमगत नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे त्यांच्या संपादकत्वाखाली पूर्वेकडील धर्मग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांची माला निघाली. १८७९ ते १९१० या काळात तिचे ५० खंड झाले. उपनिषदे, गीता, अवेस्ता, कुराण, धम्मपद, चीनचे ग्रंथ असे सारे एका कपाटात आले. आरंभीच्या पुष्कळ युरोपीय पंडितांच्या मनात मात्र कोणाचा धर्म वरचा आणि कोणाचा खालचा, अशी पायरी असे. ती पायरी हळूहळू मोडली. १९६७ साली इंग्लंडातील लँकेस्टर विद्यापीठात निनियन स्मार्ट यांनी धर्माभ्यासाचा विभाग उभा केला. तेथला बाणा असा, की येथे कोणाला बाटवायचे नाही आणि कोणाला खोडायचेही नाही; समजून घ्यायचे.

हे स्मार्टसाहेब म्हणत, धर्माची सात अंगे पाहावी. विधी, कथा, अनुभव, तत्त्व, नीती, समाज आणि वस्तू. आता पाहा बरे, हे माप आपल्या वारीला लावले तर काय होते? काकडआरती आणि एकादशी हे विधी. पुंडलिकाची वीट ही कथा. कीर्तनात कंठ दाटतो, तो अनुभव. ज्ञानेश्वरी आणि अमृतानुभव हे तत्त्व. माळ घातल्यावर मद्यमांस सुटते, ती नीती. फड आणि दिंडी हा समाज. टाळ, वीणा, पताका, तुळशीमाळ या वस्तू. सातही अंगे आपल्या घरात आहेत! आपण रोज ती जगतो, पण अशी मोजून कधी पाहिली नव्हती. या मापाने विठ्ठल लहान झाला का? नाही. आपले घर किती खणांचे आहे, एवढे मात्र कळले.

आपल्या देशातही या गोष्टीचा विचार झालेला आहे. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे, जी शिक्षणसंस्था संपूर्णपणे सरकारी पैशावर चालते तेथे कोणत्याही एका धर्माची दीक्षावजा शिकवण देता येत नाही. पण धर्मांविषयी शिकवूच नये, असे त्याचा अर्थ नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या अहवालात सुचविले होते की, पदवीच्या पहिल्या वर्षी बुद्ध, जरथुष्ट्र, येशू, महंमद, कबीर, नानक अशा महापुरुषांची चरित्रे शिकवावी. दुसऱ्या वर्षी जगातल्या धर्मग्रंथांतील निवडक वेचे. तिसऱ्या वर्षी धर्मविषयक तत्त्वज्ञान. अमेरिकेतही १९६३ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतले बायबलपठण घटनाबाह्य ठरविले, आणि त्याच निकालात धर्मांचा तटस्थ अभ्यास करण्यास आडकाठी नाही असेही सांगितले. म्हणजे उपदेश निराळा आणि अभ्यास निराळा. कीर्तनकाराचा पाट वेगळा, अध्यापकाची खुर्ची वेगळी. एकाने दुसऱ्याच्या जागी बसू नये, की भांडण नाही.

आता आजोबांच्या मूळ शंकेकडे येऊ. निष्ठा ढळते का? याला एक मोठा दाखला आहे. विठ्ठल रामजी शिंदे. जमखंडीस १८७३ साली वारकरी घरात जन्म. नावातच विठ्ठल! १९०१ साली ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करण्यास गेले. त्या काळी आपल्याकडचे तरुण विलायतेस जात ते बॅरिस्टर होण्यास किंवा मोठ्या चाकरीसाठी. हा गृहस्थ समुद्र ओलांडून गेला तो धर्म शिकायला! १९०३ साली ॲमस्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेत ते भारतातील उदार धर्माविषयी बोलले आणि मायदेशी परतले.

कोणी म्हणेल, महाराज, ते तर प्रार्थनासमाजी झाले. मूर्तिपूजा त्यांनी सोडली. खरे आहे. पण ती वाट त्यांनी विलायतेस जाण्यापूर्वीच धरली होती, तेव्हा तो दोष किंवा गुण ऑक्सफर्डच्या पदरात घालता येत नाही. मग परत येऊन त्यांनी काय केले ते पाहा. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी अस्पृश्यांच्या उद्धारासाठी मंडळी काढली, शाळा काढल्या, आणि बायकामुलांसह त्याच लोकांत राहून काम केले. भागवत धर्माच्या विकासावरही त्यांनी लिहिले. म्हणजे दहा धर्म वाचून आलेला हा मनुष्य कोरडा पंडित झाला नाही. संतांनी ज्याला उराशी धरले त्याच्याच दारात जाऊन तो उभा राहिला. माऊलींच्या भिंतीपेक्षा हा चमत्कार लहान समजू नका.

म्हणून परीक्षा कोणती लावायची? पोराने किती ग्रंथ वाचले ही नव्हे. वाचून त्याचे अंतःकरण रुंदावले की अरुंद झाले, ही.

अज्ञानाने काय होते, त्याचाही दाखला घ्या. आपल्याच कोकणात, कुलाब्याच्या बाजूस, बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे राहिले. धंदा तेलाचा, भाषा मराठी, आणि शनिवारी घाणा बंद. कारण तो त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. शेजाऱ्यांनी त्यांना नाव ठेवले ‘शनवार तेली’. पाहा, त्या नावातच त्यांचा अवघा धर्म होता, पण बहुतेक नाव घेणाऱ्यांना तो ठाऊक नव्हता! आणि त्याच लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या पूर्वजांच्या कथा मराठी कीर्तनात गाइल्या. आपले कीर्तन त्यांनी ओळखले. त्यांचा शनिवार आपल्यापैकी कितीकांनी ओळखला? शेजाऱ्याच्या उपवासाचे कारण ठाऊक नसणे ही निष्ठा नव्हे. ते नुसते अज्ञान आहे.

याच्या उलट दुसरे एक टोक आहे, तेही सांगितले पाहिजे. आम्ही कीर्तनकार पुष्कळदा चटकन म्हणतो, “अहो, सगळे धर्म एकच!” टाळी पडते आणि विषय संपतो. अभ्यासाच्या वर्गात ही टाळी चालत नाही. इस्लामला परमेश्वराची मूर्ती मान्य नाही. आपण तर विटेवरच्या रूपाला डोळे भरून पाहतो. बुद्धाच्या उपदेशात जग निर्माण करणाऱ्या ईश्वराला स्थान नाही. तरी करुणा ओसंडते. हे भेद खरे आहेत. ते पुसून टाकून दुसऱ्याला जवळ घेणे म्हणजे त्याचा चेहरा झाकून त्याला मिठी मारणे होय. दिंडीत मागचा आणि पुढचा वारकरी एकाच चालीचा नसतो. म्हणून का त्याच्या पाया पडू नये? भेद ओळखूनही पाया पडता येणे, हीच वारीची शिकवण.

आणि दूर गेल्यावर कधीकधी आपलेच माणूस भेटते. समजा, आपली एखादी मुलगी शीख धर्म शिकू लागली. पंजाबी विद्यापीठात, पतियाळा येथे, १९६७ पासून धर्माभ्यासाचा विभाग आहे. ती गुरुग्रंथसाहिब उघडील, आणि त्यात तिला कोण दिसेल? आमचे नामदेवराय! त्यांची ६१ पदे त्या ग्रंथात आहेत. पंजाबातला शीख त्या पदांपुढे माथा टेकवितो. परक्याची पोथी म्हणून उघडावी आणि आत नामदेव पायरीवर बसलेले दिसावे, याहून मोठा प्रसाद कोणता?

आता विद्येची मर्यादाही सांगतो. चंद्रभागेचे पाणी किती खोल, हे काठावर उभा राहून मोजता येते. पण त्या मापाने अंग भिजत नाही. विद्यापीठ माप शिकवील. स्नान ज्याचे त्याने करायचे. दोन्ही एकत्र होतात का? होतात. सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ज्ञानदेव आणि प्लेटो यांवर त्यांनी पुस्तक लिहिले. आणि आषाढी आली की हेच मामासाहेब दिंडीत पायी. ग्रीक तत्त्ववेत्ता वाचून त्यांचा टाळ बंद पडला नाही.

त्यांच्याच दिंडीबरोबर मानवशास्त्राच्या विदुषी इरावती कर्वे चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. त्यात प्रेम आहे, तसा एक बोचरा काटाही आहे. नाम एक, वाट एक, पण जेवणाच्या पंगती जातीजातीच्या वेगळ्या, हे त्यांना दिसले आणि सलले. फ्रान्सचे जेझुइट पाद्री गी द्लरी वारीत चालले, आणि विठोबाच्या उपासनेवरचा त्यांचा ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने छापला. अभ्यासकाची नजर अशी आरशासारखी असते. आरशात डाग दिसला तर आरसा फोडू नये, तोंड पुसावे. पंढरीच्या देवळाचे दार सर्वांना उघडण्यासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, हे विसरून कसे चालेल? इतरांचे धर्म तपासणारी विद्या आपलाही धर्म तपासणार. संतांनी काही याहून वेगळे केले नव्हते.

तेव्हा, आजोबांना माझे सांगणे एवढेच: पोराला जाऊ द्या. जाताना माळ काढायला लावू नका, आणि माळेची धमकीही देऊ नका. आई दुसऱ्यांच्या आयांना भेटू देते. लेकरू त्यामुळे आई बदलीत नाही, आईपण म्हणजे काय ते शिकून परत येते. ज्या निष्ठेला पुस्तकाचे भय वाटते, ती निष्ठा नव्हे. ती नुसती सवय. तिलाच जपत बसलात तर पोर एक दिवस दोन्ही सोडील.

आणि बाळांनो, तुम्हालाही सांगणे आहे. दुसऱ्याचा ग्रंथ वाचाल तेव्हा जसे तुमची ज्ञानेश्वरी कोणी वाचावी असे तुम्हास वाटते, तसा वाचा. हात धुऊन, घाई न करता, चूक शोधण्यापूर्वी अर्थ शोधून. दुसऱ्याच्या धर्मातले उत्तम आणि आपल्यातले ओंगळ, किंवा आपल्यातले उत्तम आणि दुसऱ्याचे ओंगळ, अशी खोटी तागडी धरू नका. उत्तम उत्तमाशी तोला. परीक्षेचे गुण मिळतील तेव्हा मिळतील. पण सुटीत घरी आलात म्हणजे आजीजवळ बसून हरिपाठ म्हणा. शिकलेले तिला सोप्या बोलीत सांगा. तिला समजले नाही, तर तुम्हालाच समजले नाही असे खुशाल समजा.

माऊलींनी ज्ञानेश्वरी पुरी करून शेवटी देवाकडे मागणे मागितले. त्यात कोणत्याही पंथाचे नाव नाही. मागितले ते साऱ्या प्राणिमात्रांसाठी. ज्यांच्यासाठी माऊली मागतात, ते कोण आहेत, कसे जगतात, कोणत्या नावाने देवाला हाक मारतात, हे जाणून घेणे माऊलींच्या लेकरांना परके कसे असेल?

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल. रामकृष्णहरी.