वारसांची सही

सदाशिव पेठेत जुना वाडा पाडून नवी इमारत उभी राहायची असते, तेव्हा बांधकामाआधी सह्यांचे दीर्घ पर्व चालते. थोरल्याची सही, धाकट्याची सही, सासरी गेलेल्या बहिणीची, परदेशी स्थायिक झालेल्या पुतण्याची. वारसांत कोणी अज्ञान असेल तर त्याच्या हिश्श्यासाठी सामान्यतः न्यायालयाची परवानगी लागते. या दिरंगाईला आपण कंटाळतो; परंतु तिच्यामागे एक नैतिक जाणीव आहे. वाडा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या एकट्याचा तो नव्हे.

हीच कसोटी मुरगाव बंदराला लावून पाहावी असे आम्हांस वाटते. आपल्या धर्मग्रामांतील गोमंतकीय कुटुंबांना हा परिसर लोंढ्याहून घाट उतरणाऱ्या रेल्वेचा शेवट म्हणून परिचित आहे. पोर्तुगीजांनी तेथे १६२४ साली किल्ला बांधावयास घेतला. त्याच शतकाच्या अखेरीस राजधानी तेथे हलविण्याचा घाटही घातला आणि तो बारगळला. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर ब्रिटिश भांडवलावर रेल्वे आली. बंदराला खरी बरकत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर आली. डिचोली, सत्तरी, सांगे येथील डोंगर फोडून काढलेले लोहखनिज ट्रकांतून नदीकाठी येई, मांडवी-जुवारीतून बार्जेसने मुरगावला पोहोचे आणि जहाजांत भरले जाई. आधी जपानला, पुढे चीनला. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला सुमारे पाच कोटी टन खनिज बाहेर जात होते.

या डोंगरांसाठी सही कोणी केली? वसाहतीच्या सरकारने मुदतीविना सवलती दिल्या. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तरी त्या सवलतींचे खाणपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा व्हावयास १९८७ उजाडले. परकीय सत्ता गेली. तिने वाटलेले हक्क स्वकीयांच्या हाती तसेच राहिले. दोष केवळ पोर्तुगीजांच्या माथी मारणे म्हणूनच आम्हांस सोयीचे वाटते, न्यायाचे नव्हे.

उधळ्या पुत्राचा दाखला ऐकताना आपले लक्ष त्याच्या चैनीकडे जाते. पण चैन केली नसती, तरी वडिलोपार्जित ठेव रोजच्या खर्चाला वापरणे हा दोष उरलाच असता. त्याने निदान स्वतःच्या वाट्याचे उधळले. खनिजाच्या बाबतीत धाकटी भावंडे अजून जन्मलीच नाहीत. वाटा मागायला ती येणार तेव्हा डोंगराच्या जागी पाण्याने भरलेला खड्डा असेल. शेत पुन्हा पिकते, समुद्रात मासळी पुन्हा येते, खनिज एकदाच निघते. तरीही सरकारी हिशेबात त्याचे स्वामित्वधन महसुली जमेत धरले जाते. वाडा विकून आलेल्या पैशाला पगार म्हणावे, तसेच हे!

येथे एक बाजू डावलून चालणार नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसाचे हप्ते बंद झाले नाहीत. बार्जवरील खलाशी, गॅरेजवाला, खानावळ चालविणारी बाई यांना भावी पिढ्यांचा हक्क समजावून सांगणे हा कोरडा उपदेश ठरेल. रेरुम नोवारुम या १८९१ च्या परिपत्रकापासून ख्रिस्तसभा श्रमिकाच्या भाकरीचा कैवार घेत आली आहे. त्याचबरोबर, खाजगी मालमत्तेवर समाजाचा बोजा असतो, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ साली बजावले. आमच्या मते या दोन शिकवणुकी परस्परविरोधी नाहीत. ट्रकवाल्याची भाकरी आणि न जन्मलेल्याचा वाटा यांत तंटा लागतो, तो मधला मोठा घास तिसराच कोणी घेत असल्यामुळे.

सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी वार्षिक उत्खननाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायम निधीत ठेवण्यास सांगितले, येणाऱ्या पिढ्यांसाठी. अज्ञान वारसाचे नाव कागदावर आले, ते असे. २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबल्या. लिलावानंतर २०२४ साली डिचोलीत काम पुन्हा सुरू झाले. दहा टक्के हा आकडा पुरेसा आहे का, हे आता न्यायाधीशांनीच नव्हे, तर त्या गावांतील ग्रामसभांनी आणि आपणही विचारावयास हवे. जो डोंगर सगळाच वारसा होता, त्यातील उरलेले नव्वद कोणाच्या सहीने गेले?