बूट काढ आणि टेबलावर ठेव

दोन्ही काढ. आता खाली बस, डोळे टाचेच्या उंचीला आण आणि मागून बघ. उजवा बूट बाहेरच्या अंगाला कलला आहे. टाचेच्या कडेचं रबर पार संपलं, आतला पांढरा फोम उघडा पडला, आणि त्यावर तू सोल्युशन लावून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलास. तो फोम बाजूने अंगठ्याने दाबून बघ. दबतो का? आडव्या सुरकुत्या पडल्यात, त्या पुन्हा भरून येणार नाहीत. आणि हे पायात घालून तू मला विचारतोस, सर, शिन पेन जात नाही, कोणती गोळी घेऊ?

गोळी घ्यायची नाही. आधी माझं ऐकून घ्यायचं.

हे बूट कधी घेतलेस? गणपतीच्या आधी. म्हणजे सात महिने झाले. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला आठेक किलोमीटर. टिळक रोडवरून सारसबाग, तिथून पर्वती पायथा, वर तळजाई आणि परत. मधे लहर आली की पर्वतीच्या पायऱ्या. राज्यघटनेची कलमं तोंडपाठ म्हणणाऱ्या मुला, हा गुणाकार कधी केलास का? चौदाशे किलोमीटरच्या आसपास जातो. रनिंगचा साधा बूट पाचशे ते आठशे किलोमीटर साथ देतो. तुझ्यासारखं वजन आणि रोजचा डांबरी रस्ता असेल तर पाचशेच्या जवळ धर. वरची जाळी धड आहे, नाडी नवी आहे, म्हणून बूट चांगला आहे असं तू ठरवलंस. बूट वरून मरत नाही, मधून मरतो. टाच आणि रबर यांच्यामधला फोम प्रत्येक पावलाला दबतो आणि उसळून वर येतो. त्याचं वर येणं थांबलं की तो धक्का तुझ्या नडगीत जातो. खाली कितीही रबर चिकटव, बूट शिवणाऱ्याला कितीही पैसे दे, फोम परत जिवंत होत नाही.

सगळा दोष बुटाचा आहे असं मी म्हणत नाही. पोलीस भरतीची जाहिरात येणार अशी कुणकुण लागली आणि तू एका आठवड्यात अंतर दुप्पट केलंस. तेही मला न विचारता. पण मेलेल्या बुटावर अंतर वाढवणं म्हणजे दुखण्याला घरी बोलावून आणणं.

काल तू मला कविता राऊतचं उदाहरण दिलंस. सावरपाड्याची पोरगी अनवाणी धावली आणि २०१०च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं ब्राँझ घेऊन आली, मग मला बूट कशाला? तिचं नाव घेतोस तर नीट समजून घे. ती लहानपणी अनवाणी धावली ती मातीवर, आणि पुढे मोठ्या ट्रॅकवर उतरली ती बूट घालूनच. अनवाणी माणूस टाच आपटत नाही, पावलं आखूड टाकतो, खडा टोचला की पाय उचलतो. तू टाचेवर उतरतोस, डांबरावर उतरतोस, आणि तेही एका बाजूला कललेल्या बुटात. तिच्या कष्टांचा दाखला आपल्या आळसाला द्यायचा नाही.

आळसच म्हणतो मी, पैशांची अडचण नाही म्हणत. अप्पा बळवंत चौकातून पुस्तकांचे गठ्ठे आणलेस. त्यातली निम्मी एकाच विषयाची. टेस्ट सिरीजला पैसे हवे होते तेव्हा घरी फोन केलास, वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीतून पाठवले. बुटासाठी फोन करायची मात्र लाज वाटली. साडेतीन हजारांचा बूट सातशे किलोमीटर चालला तर किलोमीटरला पाच रुपये पडतात. आठ किलोमीटरचे चाळीस. अभ्यासिकेतून दिवसातून तीनदा चहाला खाली उतरतोस, त्या पैशांचा हिशेब मांड आणि मग मला परवडत नाही म्हण. पोलीस भरतीचं ग्राउंड पन्नास गुणांचं. त्यात एकट्या सोळाशे मीटरला २०, तेही ५ मिनिटं १० सेकंदांत आलास तर. शंभर मीटरला १५, गोळ्याला १५. सोळाशे आणि शंभर मिळून पस्तीस गुण ज्या पायांवर आहेत, त्या पायांत तू ट्यूबचा तुकडा घालून फिरतोस.

आणि नवीन घ्यायचे ठरवलेस तेही कसे? रूममेट म्हणाला म्हणून कार्बन प्लेटवाल्या बुटाची फर्स्ट कॉपी. २०२३ला शिकागोत केल्विन किप्टमने २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन मारली, त्याच्या पायात तसला बूट होता, हे मलाही माहीत आहे. त्याच्या बुटातला फोम आणि तुझ्या कॉपीतला फोम यांचा रंग सोडून काहीच सारखं नाही. अस्सल जरी मिळाला, तरी रोजच्या सरावासाठी तो नाही. दुकानदार तुला फ्लॅट फूट सांगून महागडा बूट गळ्यात मारेल, तिथेही भुलू नकोस. अमेरिकी लष्कराने हजारो नव्या जवानांना तळव्याचा आकार बघून बूट दिले, तरी दुखापती काही कमी झाल्या नाहीत. तळवा खरंच सपाट असेल तर ते डॉक्टरला दाखव, कारण भरतीच्या मेडिकलला तो प्रश्न येतो. बुटाच्या दुकानात त्याचा निकाल लागत नाही.

आता घ्यायचे कसे ते ऐक. संध्याकाळी जायचं, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. धावताना घालतोस तेच मोजे घालून जा. हा जुना बूट पिशवीत घालून ने आणि टाच दाखव. दोन्ही पायांत घालून उभा राहा, सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. तुझा उजवा पाय मोठा आहे, माप त्याचं घ्यायचं. टाच आत सरकता कामा नये. दुकानातल्या दुकानात पळून बघ, लाजू नकोस. पहिल्या मिनिटाला जो टोचतो तो नंतर बसेल असं कुणी सांगितलं तर खाली ठेव. रंग आणि नाव शेवटी. आणलेस की आतल्या बाजूला तारीख लिही आणि आठवड्याचे किलोमीटर वहीत मांडत जा. भिजले तर आतला सोल बाहेर काढून आत वर्तमानपत्र कोंबायचं, गच्चीवर उन्हात टाकायचे नाहीत. पहिले काही दिवस तीन-चार किलोमीटरच. आणि ग्राउंडच्या दिवशी कोरे करकरीत बूट घालून आलेला मला दिसलास तर गेटवरूनच परत पाठवीन.

पण हे सगळं नंतर. आधी पँट वर कर. एका बोटाने नडगी दाबत खाली ये. सगळीकडे सारखं दुखतंय की एकाच ठिकाणी कळ येते? एकाच ठिकाणी? मग आज पळायचं नाही, उद्याही नाही. हाडाला बारीक चीर असेल तर ती सुरुवातीला एक्स-रेत दिसतही नाही, म्हणून एक्स-रे नॉर्मल आला की उड्या मारत माझ्याकडे येऊ नकोस. हाडांच्या डॉक्टरला दाखव, कळ येते ती जागा बोटाने दाखव, किती पळालास ते खरं सांग. चीर निघाली तर सहा-आठ आठवडे जातील. जाऊ देत. तोवर पुलअप्स, गोळ्याचं टेक्निक आणि पोहणं, तेही डॉक्टर हो म्हणाले तर. रोज सकाळी ग्राउंडवर मात्र यायचं, बाकीच्यांचं टायमिंग तू घ्यायचंस.

फोन काढ. वडिलांना लाव, माझ्यासमोर. पैशांचं मी बोलतो.