कलता कान



युवक संघाच्या बैठकीनंतर एक मुलगी आपली वही दाखवायला आली. कोरियन मालिका पाहता पाहता तिला त्या भाषेची गोडी लागली आणि आता ती रीतसर कोरियन शिकते आहे. पुढचा जागतिक युवा दिन २०२७ साली सोल येथे होईल, असे पोप फ्रान्सिस यांनी २०२३ साली लिस्बनमध्ये जाहीर केल्यापासून तर तिला अधिकच हुरूप आला आहे. ती म्हणाली, "फादर, आज एक वाक्प्रचार शिकले. ग्वीरुल गिउरिदा." ग्वी म्हणजे कान आणि गिउरिदा म्हणजे कलता करणे. कान कलता करणे, म्हणजेच लक्ष देऊन ऐकणे.

मी म्हटले, "आपल्याकडेही आहे की. कान देणे." त्यावर ती म्हणाली, "पण फादर, दिलेला कान आणि वाकवलेला कान एकच का?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. तो प्रश्न मनात घेऊनच मी घरी आलो.

कान कलता केला की मान झुकते आणि माणूस आपल्या जागेवरून थोडा दुसऱ्याकडे सरकतो. कोरियन भाषेत हेच क्रियापद पेला कलता करण्यासाठी वापरतात आणि एखाद्या कामात जीव ओतण्यासाठीही वापरतात. भांडे कलल्याशिवाय त्यातले काही बाहेर पडत नाही. आपणही मनात आधीच भरून ठेवलेली मते थोडी बाजूला ओतल्याशिवाय समोरच्याचे शब्द आत शिरायला जागा कुठली?

आपल्या मराठीत कान टवकारतातही. टवकारलेला कान ताठ उभा असतो. शेजारच्या घरात आवाज चढला की तो टवकारतो, जमिनीचा भाव निघाला की टवकारतो. म्हणजे आपल्याला हवे ते तो टिपतो. कलता कान मात्र समोरच्याला जे सांगायचे आहे त्यासाठी असतो. ऐकू दोन्ही कानांना येते, पण एक स्वतःसाठी ऐकतो आणि दुसरा सांगणाऱ्यासाठी.

आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक वयस्कर गृहस्थ ऑफिसात आले. पत्नीच्या पुण्यतिथीची मिस्सा सांगायची होती. मी वही उघडली, तारीख लिहिली, वेळ सांगितली. चार दिवसांनी ते पुन्हा आले. मी वही उघडून दाखवली, "नाव लिहिलेले आहे, काळजी करू नका." तिसऱ्यांदा आले तेव्हा सणाची तयारी चालू होती. मी उभ्या उभ्याच तारीख सांगितली. ते हळूच म्हणाले, "तारीख ठाऊक आहे मला, फादर." आणि खुर्ची मागे सारून निघाले.

मी त्यांच्याशी खोटे बोललो नव्हतो, अपमानही केला नव्हता. तिन्ही वेळा अचूक उत्तर दिले होते. पण त्यांनी जे विचारलेच नव्हते त्याचे ते उत्तर होते. मग मी चुकलो का? मला वाटते, चुकलो. न ऐकणे हा केवळ शिष्टाचारातला दोष नाही. समोरच्या माणसाला त्याच्या कामाएवढाच लहान करून टाकणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्या दिवशी मी एका विधुराला वहीतली एक ओळ करून टाकले.

कोणी म्हणेल, "फादर, प्रत्येकापुढे वाकत राहिलो तर आपला कणा राहील का? ऐकायचे म्हणजे सगळे मान्य करायचे का?" नाही. घट्ट बुडाचे भांडेच न सांडता कलते होऊ शकते. शलमोन राजाने देवाकडे ऐकणारे अंतःकरण मागितले ते लोकांचा न्याय करता यावा म्हणून. ऐकल्याने निर्णय टळत नाही, तो ऐकण्यानंतर येतो एवढेच.

शिवाय सर्वांसाठी सारखेच वाकावे लागत नाही. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचे ताठ बसूनही ऐकू येते. सभेत टेबलावर हात आपटणाऱ्यासाठी कान कलता करण्याची गरज पडत नाही. आवाज जितका क्षीण, तितके अधिक वाकावे लागते. घरातली आजी, बोलता बोलता गप्प होणारा मुलगा, "काही नाही" म्हणणारी पत्नी, शेतावर राबणारा मजूर यांच्याकडे आपणच झुकायचे असते.

हिब्रू बायबलमध्येही हाच शब्दप्रयोग आहे. ८६ व्या स्तोत्राच्या आरंभीच भक्त देवाला कान कलता करण्याची विनवणी करतो आणि कारण सांगतो ते आपल्या दीनपणाचे. त्याचा आवाज वरपर्यंत पोहोचणार नाही, म्हणून देवानेच खाली वाकावे. आपली श्रद्धा सांगते की देव खरोखरच वाकला, अगदी गोठ्यातल्या गव्हाणीपर्यंत.

कोरियातील ख्रिस्तसभेची सुरुवातही अशा ऐकण्यातून झाली. परदेशी मिशनरी येऊन प्रवचने देण्याआधीच तेथील काही प्रापंचिक विद्वान चीनमधून आलेली ख्रिस्ती पुस्तके मन लावून वाचत होते. त्यांच्यापैकी यी सुंग-हुन यांनी १७८४ साली बीजिंग येथे बाप्तिस्मा घेतला आणि परतून इतरांना दिला. पुढे त्या श्रद्धेसाठी हजारोंनी प्राण दिले. त्यांपैकी १०३ जणांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली सोल येथे संत घोषित केले.

या आठवड्यात एकच करू या. घरात ज्याचा आवाज सर्वांत लहान आहे, त्याच्याजवळ दहा मिनिटे बसू या. सल्ला देऊ नये, घड्याळ पाहू नये, वाक्य मध्येच पुरे करू नये. मीही ऑफिसातली वही आता थोडी उशिरा उघडणार आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू