गाडी थांबली तरी चालक सुटत नाही

हेल्मेट, सीटबेल्ट, दुचाकीवर तिघं, संपलेला विमा. भोकरदनच्या चौकात यातलं काहीही विचारा, दंडाचा आकडा तोंडपाठ मिळेल. उभ्या गाडीबद्दलही कायदा काही सांगतो, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. मोटार वाहन कायदा, १९८८ यातलं कलम १२६ ते सांगतं. सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायची असेल, तर चालकाच्या जागेवर रीतसर परवाना असलेला माणूस बसलेला हवा. तो नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा चालक नसताना गाडी चुकून हलणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली हवी. एवढंच कलम. १९३९च्या जुन्या कायद्यातही ते ८४ व्या क्रमांकावर होतंच.

या छोट्या कलमामागे एक विचार आहे. चाकं फिरतात तोवरच आपण गाडी चालवतो, असं आपण धरून चालतो. चाकं थांबली, दार उघडून खाली उतरलो, की आपण चारचौघांसारखेच मोकळे. कायदा तसं मानत नाही. गाडी हलते आहे का, याच्या आधी तो विचारतो की तिच्यात हलायची ताकद जागी आहे का. इंजिन चालू आहे तोवर ती जागी आहे, आणि तोवर तिला एक धनी लागतो. तोही नुसता मालक नव्हे, त्या क्षणी तिच्याजवळ बसलेला आणि ती आवरू शकणारा माणूस. बैलगाडीच्या काळात हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. जुंपलेली गाडी रस्त्यात तशीच सोडून गाडीवान निघून जात नसे. तो बैल सोडी, नाहीतर कासरा कुणा जाणत्याच्या हातात देई. बैल बुजतात हे सगळ्यांना माहीत होतं. इंजिन बुजत नाही, म्हणून ते निरुपद्रवी आहे असं आपल्याला वाटतं.

'बंद करू नको, आलोच.' हे वाक्य भोकरदनला दिवसातून कितीदा ऐकू येतं! औषधांच्या दुकानासमोर, खताच्या दुकानासमोर, एसटी स्टँडच्या तोंडाशी, जालना आणि सिल्लोडकडे जाणाऱ्या रस्त्यांवर. राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या दिवशी जी गर्दी लोटते, तिच्यात अशा किती गाड्या घुरघुरत उभ्या असतात ते पाहावं. 'आलोच' म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच लगेच यायचं असतं. पण दुकानात रांग असते, ओळखीचं कुणी भेटतं, सुट्टे पैसे नसतात. तेवढा वेळ गाडीची सीट रिकामी असते, किंवा तिच्यावर ज्याला बसवू नये असं कुणीतरी बसलेलं असतं.

कलमातला प्रत्येक शब्द त्या 'कुणीतरी'कडे बोट दाखवतो. गाडीजवळ माणूस असावा एवढंच कायदा सांगत नाही. तो चालकाच्या जागेवर असावा आणि त्याच्याकडे परवाना असावा, असं सांगतो. बाजूच्या सीटवरची बायको, मागे बसलेले वडील, 'लक्ष ठेव रे' म्हणून ठेवलेला क्लीनर किंवा बारा वर्षांचा मुलगा यांच्यापैकी कुणीही परवान्यासह चालकाच्या जागेवर नसेल, तर कायद्याच्या हिशेबी ती जागा रिकामीच. आपल्याकडे मुलाला स्टेअरिंगवर बसवण्याचं कौतुक फार. त्याने हॉर्न वाजवला की सगळे हसतात. पण त्या मुलाने गाडी हलवली तर २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९-अ थेट पालकाला आणि गाडीमालकाला धरतं: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलालाही पंचविशी गाठेपर्यंत परवाना मिळत नाही.

सार्वजनिक जागा कोणती, हेही कायद्याने सांगून ठेवलंय. लोकांना जायचा हक्क आहे ती कुठलीही जागा, मग ती वाहता रस्ता असो वा नसो. आणि प्रवासी जिथे चढतात-उतरतात तो थांबाही त्यात मुद्दाम नाव घेऊन धरलाय. म्हणजे एसटी स्टँडचं आवार यात येतंच. स्वतःच्या शेतातला ट्रॅक्टर यात येत नाही. तोच ट्रॅक्टर बांध ओलांडून डांबरी रस्त्याच्या कडेला आला, की येतो.

हे सगळं कागदावरचं वाटेल, म्हणून सर्वोच्च न्यायालयात १९८७ साली निकाली निघालेला एक खटला सांगतो. विमा क्षेत्रातले लोक त्याला 'स्कँडिया' म्हणून ओळखतात. प्रकरण गुजरातमधलं. ट्रकचा चालक परवानाधारक होता. त्याने ट्रक थांबवला, इंजिन चालू ठेवलं, चावी जागच्या जागी ठेवली, क्लीनरला ट्रक सांभाळायला सांगितलं आणि समोरच्या दुकानातून खायला आणायला गेला. क्लीनरकडे परवाना नव्हता. त्याच्या हातून ट्रक चालू पडला आणि पायी चालणाऱ्या एका माणसाचा जीव गेला. विमा कंपनी म्हणाली, गाडी बिनपरवान्याच्या माणसाने हलवली, अट मोडली, आम्ही भरपाई देणं लागत नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. मालकाने गाडी परवानाधारक चालकाच्याच हवाली केली होती. अट मोडण्यात त्याचा हात नव्हता. मेलेल्याच्या कुटुंबाला वाऱ्यावर सोडण्यासाठी ती अट लिहिलेली नाही, असा त्या निकालाचा अर्थ. पुढे १९९६ साली सोहनलाल पासी खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका उचलून धरली.

भरपाई कुणी द्यायची, हा या खटल्यातला कायद्याचा प्रश्न. त्यातली माणसं पाहिली तर दुसरंच काही दिसतं. चालकाने बेफाम गाडी चालवलेली नव्हती. दारू नव्हती, वेग नव्हता, आडवी-तिडवी ओव्हरटेक नव्हती. एका माणसाला भूक लागली आणि त्याने चावी फिरवली नाही, इतकंच. आज अशा निष्काळजीपणाने कुणी दगावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नुसतं कलम १२६ मोडलं आणि काहीच घडलं नाही, तर कलम १७७ प्रमाणे पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १,५०० पर्यंत दंड. या दोन्हींच्या मध्ये फक्त नशीब असतं. चूक दोन्हीकडे तीच.

आता ट्रॅक्टर, कारण भोकरदन तालुक्यात हा विषय खऱ्या अर्थाने ट्रॅक्टरचा आहे. इंजिन चालू ठेवलेली मोटारसायकल गिअरमध्ये धक्का बसून सुटली तर बहुधा आचका देऊन बंद पडते. डिझेल ट्रॅक्टरचं तसं नाही. त्याच्या पंपाला गव्हर्नर असतो. इंजिनावर भार आला की तो आपोआप जास्त डिझेल सोडतो, म्हणजे मंद चाल टिकून राहावी. खालच्या गिअरमध्ये पडलेला ट्रॅक्टर म्हणूनच समोर बांध आला, दगड आला, तरी थांबत नाही, त्यावर चढतो. शेतात हा त्याचा गुण आहे. रिकाम्या सीटचा ट्रॅक्टर बाजारात असेल, तर हाच गुण जीव घेतो.

दुसरी गोष्ट चावीची. जुन्या डिझेल ट्रॅक्टरची चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं, कारण ते विजेवर अवलंबून नसतं. ते बंद करायला डिझेल तोडणारी दांडी ओढावी लागते. 'चावी माझ्या खिशात आहे' असं सांगणारा माणूस त्या गाड्यांपुरता स्वतःचीच फसवणूक करत असतो. कायद्यात चावीचा उल्लेखच नाही, यंत्र बंद झालेलं हवं असं म्हटलंय, हे मला फार बरोबर वाटतं.

मळणीचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. सोयाबीन, मका निघाला की मळणीयंत्र ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर चालतं. तिथे इंजिन चालू हवंच, आणि सीटवर कुणी नसतं. सगळे हात सुडीजवळ असतात. स्वतःच्या खळ्यात हे कलम लागू नाही. पण रस्त्याच्या कडेला मळणी लावणं आपल्याकडे नवं नाही. तिथे लोक तिसऱ्या पर्यायाकडे, 'दुसरी तजवीज' या शब्दांकडे बोट दाखवतात: चाकाला दगड लावलाय की! इंग्रजीतलं मूळ वाक्य दोन प्रकारे वाचता येतं हे खरं आहे. दगड इंजिन बंद करण्याच्या ऐवजी चालतो, असंही कुणी वाचेल. मी तसं वाचत नाही. माझ्या मते तो फार तर ब्रेकच्या ऐवजी चालतो, आणि इंजिन बंद करायची अट तशीच उरते. गव्हर्नरबद्दल वर लिहिलं ते आठवलं, तर दगडावर भिस्त ठेवणं का धोक्याचं आहे हे वेगळं सांगायला नको. मळणी खळ्यातच लावावी.

तरीही लोक इंजिन बंद का करत नाहीत? आळस हे त्याचं कारण मला पटत नाही. बहुतेकांच्या मनात भीती असते. बॅटरी उतरलेली असते, सेल्फ धड मारत नाही, एकदा बंद केली की धक्का मारायला चार माणसं शोधावी लागतात. म्हणूनच गाडी उताराला लावायची सवय पडते, म्हणजे सोडली की चालू होईल. तिथे न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सैल, पुढच्या चाकाला एक दगड. कायद्याला जे टाळायचं होतं, ते सगळं इथे एका जागी जमतं. टर्बो इंजिनाला लांबच्या पल्ल्यानंतर मिनिटभर मंद चालू द्यावं, हे मेकॅनिक सांगतात आणि ते बरोबर आहे. पण ते मिनिट सीटवर बसून काढायचं.

काळी-पिवळीचं कारण वेगळं. तिचं इंजिन चालू असतं ते उतारूंसाठी. जीप घुरघुरते आहे म्हणजे ती आता निघणार, असं उतारू धरतो आणि चढतो. बंद जीपमध्ये कुणी बसत नाही. चालक बाहेर उभा राहून 'जालना, जालना' करत असतो आणि आत गिअरचा दांडा थरथरत असतो. त्याच्या शेजारी पिशवी आणि मूल घेऊन एखादी बाई दाटीने बसलेली. त्या मुलाचा पाय दांड्याला लागायला किती जागा असते? हाताचं एक बोटसुद्धा नाही.

धुराबद्दल कलम १२६ काहीच म्हणत नाही, आणि ही त्याची उणीव आहे. परवानाधारक माणूस सीटवर बसून तासभर इंजिन चालू ठेवेल, तर या कलमाला हरकत नाही. धुरासाठी आपल्याकडे पीयूसी आहे. पेट्रोल गाडीची ती तपासणी इंजिन मंद चालत असतानाच होते. पण उभ्या गाडीने किती मिनिटं धूर सोडावा याला देशभर लागू असलेली मर्यादा नाही. दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये सिग्नलला गाडी बंद करण्याची मोहीम काढली, ती आवाहनाची होती. न्यूयॉर्क शहरात तीन मिनिटांची मर्यादा आहे, शाळेशेजारी एकाच मिनिटाची. इंग्लंडमध्ये २००२च्या नियमांनुसार सांगूनही इंजिन बंद केलं नाही, तर २० पौंड दंड करता येतो. शाळेसाठी वेगळी मर्यादा का, हे समजून घ्यायला जीपच्या मागे उभं राहावं. धुराची नळी मोठ्या माणसाच्या गुडघ्याखाली येते आणि पहिलीतल्या पोराचं तोंड तिच्यापासून फार वर नसतं. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच ठरवून सांगितलं. पैशाचं बोलायचं तर साधी मोटार उभ्या-उभ्या तासाला अर्धा ते पाऊण लिटर इंधन पिते, आणि दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर बंद करून पुन्हा चालू करणंच स्वस्त पडतं. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात हंगामात रांगेत उभ्या राहणाऱ्या पिकअपवाल्यांनी हा हिशेब एकदा आपल्या डिझेलच्या बिलाशी ताडून पाहावा.

पोलिसांनी ५०० रुपयांच्या पावत्या फाडल्याने हे सुटेल असं मला वाटत नाही. भीती आणि गरज जिथे आहे तिथे हात घालावा लागेल. बॅटरीची भीती बॅटरी बदलूनच जाईल, आणि ट्रॅक्टरच्या किमतीपुढे बॅटरीची किंमत ती काय! काळी-पिवळीला तर पैसाही लागत नाही. जिथे जीपवाले आपसात नंबर लावतात, तिथे पहिली जीप कोणती हे उतारूला कळलं की काम झालं. नगरपरिषदेने स्टँडबाहेर एक साधा फळा लावावा, त्यावर पहिल्या जीपचा क्रमांक खडूने लिहावा, ती भरून निघाली की पुसून पुढचा लिहावा. मग निघणारी जीप ओळखायला तिचं इंजिन ऐकावं लागणार नाही.