डोळ्यांवरची पट्टी

एखादा तरुण आमच्या खोलीत येतो, दार लोटून घेतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "फादर, माझ्या डोक्यातले विचार माझे नाहीत. कुणीतरी यंत्राच्या लहरी सोडून ते आत घालत आहे." अशा वेळी आम्ही काय करावे? हसून बोळवण करावी तर तो एकटा पडतो. मान डोलवावी तर आम्ही असत्याचे भागीदार होतो. तिसरी वाट परीक्षेची. परंतु ती घ्यावी कशी आणि ती घेण्याचा अधिकार आम्हांला आहे काय?

हा प्रश्न जुना आहे. पॅरिसमध्ये फ्रान्झ मेस्मर नावाच्या वैद्याचा मोठा बोलबाला होता. एका माणसाकडून दुसऱ्याच्या देहात शिरणाऱ्या अदृश्य द्रवाने आपण रोग बरे करतो, असा त्याचा दावा होता. १७८४ साली सोळाव्या लुई राजाने चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. पासी येथे फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या देस्लों नावाच्या शिष्याने जर्दाळूचे एक झाड 'भारले'. सुमारे १२ वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून चार झाडांपाशी नेण्यात आले. प्रत्येक झाडापाशी त्याची अवस्था बिघडत गेली आणि चौथ्यापाशी तो मूर्च्छित पडला. भारलेले झाड त्या चारांत नव्हतेच!

मुलगा ढोंगी नव्हता. त्याची मूर्च्छा खरी होती. कारण तेवढे वेगळे होते. देस्लोंने मात्र खुलासा केला की, सर्वच झाडांत थोडे चुंबकत्व असते. निकाल लागल्यानंतर नियम बदलला की कोणतीही परीक्षा व्यर्थ ठरते.

आमच्या तरुणासाठी असा प्रयोग योजता येईल. बाहेरून अगदी सारख्या दोन टोप्या शिवाव्यात. एकीच्या अस्तरात, त्याच्या मते ज्याने लहरी अडतात तो धातू. दुसरीच्या अस्तरात तेवढ्याच वजनाचे दुसरे काही. दुसऱ्या खोलीतील माणसाने २० वेळा नाणे उडवून टोपी निवडावी. तरुणाजवळ बसणाऱ्यालाही ती कोणती हे ठाऊक नसावे, कारण चेहराही बोलतो. लहरी जाणवल्या की नाही, हे तरुणाने दर वेळी लिहावे आणि शेवटी दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात. नुसत्या अंदाजाने २० पैकी १५ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे २ टक्के असते. किती उत्तरे बरोबर आली तर काय मानायचे, हे आधीच लिहून दोघांनी सही करावी.

"त्यांना कळले, म्हणून त्यांनी आज यंत्र बंद ठेवले," असे तो नंतर म्हणाला, तर कोणतीही टोपी उत्तर देऊ शकणार नाही. म्हणून आधीच विचारावे, "बाळा, कोणता निकाल आला तर तू तुझे मत बदलशील?" आणि हाच प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारावा. १८ उत्तरे बरोबर आली, तर पुन्हा शोध घेण्याची आमची तयारी आहे काय? नसेल, तर ती परीक्षा नव्हे, नाटक होय. पट्टी परीक्षकाच्या डोळ्यांवरही बांधलेली असते, हेच या पद्धतीचे नैतिक वैभव.

पट्टी न सांगता बांधली, तर मात्र ते पाप होते. १९५३ साली अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेने मन ताब्यात घेण्याच्या शोधात फ्रँक ओल्सन या शास्त्रज्ञाला पेयातून, त्याला न कळवता, एल.एस.डी. दिले. काही दिवसांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खिडकीतून पडून त्याचा मृत्यू झाला. १९७३ साली या योजनेच्या बहुतेक फायली नष्ट करण्यात आल्या. तेव्हा तरुणाचे भय उगाच उपटलेले आहे, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? म्हणूनच त्याची संमती हवी, आणि त्याआधी मनोविकारतज्ज्ञाचा सल्लाही. कारण दुखावलेल्या मनावर प्रयोगाचा भार नेहमीच पेलवेल असे नाही. तज्ज्ञ नको म्हणाले, तर टोप्या कपाटातच राहू द्याव्यात.

सेमिनरीत आम्ही शिकलो की, मनात विचार येणे वेगळे आणि त्याला संमती देणे वेगळे. पहिल्याचा दोष माणसाला लागत नाही. हे ऐकून त्या तरुणाच्या खांद्यावरचे ओझे थोडे हलके होईल. निकाल 'नाही' आला, तरी त्याची रात्रीची झोप उडालेलीच असते. आपण जिंकलो असे मानून आम्ही दार लावून घेतले, तर परीक्षेत नापास आम्हीच झालो.

थोमाने पुरावा मागितला, तेव्हा प्रभूने त्याला हाकलले नाही. जखमा पुढे केल्या. आम्हीही त्या तरुणासोबत दवाखान्याच्या बाकावर बसावे, त्याचा क्रमांक येईपर्यंत.