नृगाचा सरडा आणि माझा

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ६४.

नृग राजाची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेल. दानशूर राजा. एका ब्राह्मणाची गाय चुकून त्याच्या कळपात आली, आणि त्याने नकळत ती दुसऱ्याच ब्राह्मणाला दिली. दोघे ब्राह्मण भांडत दारात आले. राजाने त्या एका गाईच्या बदल्यात लाख लाख गाई देऊ केल्या. दोघेही नको म्हणून निघून गेले. मेल्यावर नृग सरडा होऊन कोरड्या विहिरीत पडला.

खरं सांगू? मला ही शिक्षा कायम अन्यायाचीच वाटायची. बिचाऱ्याला माहीतच नव्हतं!

मग गेल्या शनिवारी आम्ही पुण्याबाहेरच्या माळावर रात्री शॅमेलिऑन बघायला गेलो. दिवसा हा पानांत हरवतो, पण रात्री झोपेत त्याचा रंग फिका पडतो आणि टॉर्चच्या उजेडात तो पांढुरका उठून दिसतो. साधा सरडाही फांदीवरच झोपतो, त्यामुळे मी दोनदा फसलो. ओळखायचं बोटांवरून. सरड्याची लांब आणि सुटी. याची दोन आणि तीन अशी जुळलेली, चिमट्यासारखी. डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, शेपटी गुंडाळलेली. आणि झोपायला अगदी बारीक फांदीचं टोक. साप चढू लागला तर फांदी हलावी आणि आपल्याला जाग यावी, म्हणून तो असं करतो म्हणे.

शेवटी एक दिसला. बाभळीवर, डोळे मिटून. फोटो नीट येईना म्हणून मी फांदी जराशी खाली ओढली.

म्हणजे त्याच्यासाठी साप आला. तो क्षणात काळपट झाला, अंग फुगवलं, तोंड उघडलं, आणि फांदी सोडून खाली गवतात पडला. सगळे म्हणाले, "वा, रंग बदलला बघ!" आपल्याला शाळेत सांगतात की तो आजूबाजूसारखा रंग घेतो. तसं फारसं नसतं. ऊन, थंडी, राग, भीती यांनी त्याचा रंग पालटतो. आम्ही वा म्हणत होतो ते त्याच्या भीतीला. गवतात बराच वेळ शोधलं, सापडला नाही.

परतताना मी तेच म्हणालो, "मला कुठे माहीत होतं?"

काल हा अध्याय पुन्हा वाचला. भागवतात शब्द आहे कृकलास. तो आपला शॅमेलिऑनच का, हा वाद राहू दे. श्रीकृष्ण त्याला डाव्या हाताने सहज वर काढतात आणि विचारतात, तू कोण? मी असतो तर पहिलं वाक्य "माहीत नव्हतं" असतं, दुसरं गुराख्याच्या नावाने. नृगही सांगतो की नकळत झालं, पण तिथे थांबत नाही. कुणाची गाय, कुणाला दिली, कोण काय म्हणालं, सगळं सांगतो. सरड्याच्या देहातही त्याची आठवण गेली नव्हती.

शिक्षा न्याय्य होती का, हे मला अजूनही नीट पटलेलं नाही. पण ब्राह्मणाची गाय गेली होती, एवढं खरं. राजाला माहीत नसल्याने ती परत आली नसती, आणि लाख गाईंनीही नाही.

तो फोटो अजून फोनमध्ये आहे. चांगला आलाय. ग्रुपवर टाकायचा म्हणून मित्र मागे लागलेत, मी अजून टाकलेला नाही.